शिरीषाला पाडलेला भांग

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझ्या वीज कंपनीने काल आमच्या गल्लीत केशकर्तनालय उघडलं.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण नोकरीची सगळी वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे माझे कान विटले आहेत. शिवाय तू फोनवर हो ताई, हो ताई करत मध्येच दुसरे कागद चाळतोस, तेही मला ऐकू येतं. पत्रातून तुला पळता येत नाही. तेव्हा बस आणि नीट वाच.

काल सकाळी माणसाला वर उचलणारी पाळण्याची गाडी, करवती आणि एक मुकादम असा लवाजमा आला. कोपऱ्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथल्या शिरीषापासून सुरुवात झाली. डॉक्टर आत कोणाची तरी दाढ उपटत होते. बाहेर येऊन बघतात तर यांच्याच दारात कोणीतरी अख्खा जबडा रिकामा केलेला. शाळेच्या फोटोसाठी तुझा भांग पाडायचे ना, पाण्याने चोपून, अगदी तस्सा त्या झाडाला पाडलाय. दोन्ही बाजूंना दोन थोटे हात, मधे आभाळ आणि आभाळात तार. येणारे-जाणारे थांबून हळहळतात. लाकूड मात्र गाडीत बसून कधीच गेलं.

आता मला एक सांग, तू शिकलेला आहेस. तारेला गुदगुल्या करणाऱ्या बारीक फांद्या अजून तिथेच डुलतायत. गेल्या त्या रस्त्याच्या बाजूच्या, माणसाच्या मांडीएवढ्या जाड. त्या बिचाऱ्या तारेच्या वाटेला कधी गेल्याच नव्हत्या. मी मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, मावशी, वरून आदेश आहे. मी वर पाहिलं. वर फक्त एक कावळा होता, आणि त्याचंच घरटं यांनी पाडलेलं. तो कशाला आदेश देतोय?

मग मोर्चा माझ्या फाटकाकडे वळला. मी खुर्ची टाकली, झाडाला पाठ लावून बसले आणि वाटाणे सोलायला घेतले. मुकादम बराच वेळ घसा खाकरत उभा राहिला, मग सगळे निघून गेले. मास्तर म्हणतात, हा निर्धाराचा विजय आहे. माझ्या मते जेवणाची सुट्टी झाली होती.

संध्याकाळी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये सभा भरली. समितीचं नाव 'वृक्ष बचाव' ठेवायचं की 'वृक्ष रक्षण', यावर इतका काथ्याकूट झाला की तेवढ्या वेळात कंपनीने अख्खी गल्ली सफाचट केली असती. मास्तर म्हणजे माझे शेजारी, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती सांगितली. मी चहा आणायला आत गेले, परत आले तर मीच अध्यक्ष झाले होते.

हा काय प्रकार आहे ते कंपनीत विचारून कळव. पोरांच्या शाळेचं त्यांच्या आईने, धाकटीने लिहावं. तू लिहिलंस की त्याचा अहवाल होतो.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. १२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. बायकोने ते आधी स्वतः वाचलं, मग मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि भांगापाशी थांबून माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे आता पाडण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तुम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

तू 'तुझी कंपनी' म्हणतेस तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटतं. मी मुख्य कचेरीतल्या देखभाल खात्यात उपअभियंता आहे. माझ्याकडे करवत नसते, शिक्का असतो. आणि आमच्या खात्यात झाडाला झाड म्हणत नाहीत, 'अडथळा' म्हणतात. झाडापुढे खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसालाही शब्द आहे: 'स्थानिक अडचण'. तेव्हा तुझी नोंद आमच्याकडे झाली आहे असं समज.

चेष्टा सोडून सांगतो. उन्हाळ्यात तार तापून खाली लोंबते, वाऱ्याने फांदी हलते, आणि दोघींची गाठ पडली की तार तुटते. तुटलेली तार जमिनीवर पडून जिवंत राहते. गेल्या वर्षी एका गावात अशा तारेवर एका बाईची म्हैस गेली, आणि म्हशीला ओढायला गेलेली बाईही गेली. त्या चौकशीचे कागद माझ्या टेबलावरून गेले, म्हणून झाडाला हात लावू नका असं मला म्हणता येत नाही.

आता जाड फांद्यांचं. हे मात्र वाचून मी जरा थांबलो. कापलेलं लाकूड कंत्राटदाराने न्यायचं असतं, कारण ते उचलणार कोण? बारीक काटक्यांना बाजारात कोणी विचारत नाही. पुढचं तूच समजून घे. आणि हे मी लिहिलं असं तुझ्या सभेत सांगू नकोस.

तू कंपनीकडे अर्ज केला असशीलच. 'आपली तक्रार विचाराधीन आहे' असं उत्तर आलं, तर ती कपाटात आहे असं समजायचं. 'सखोल विचाराधीन आहे' असं आलं, तर कपाटाला कुलूप आहे.

अध्यक्षपद सोडता आलं तर बघ. सोडणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिलं म्हणजे मला झोप लागेल.

तुझा लोभ आहे त्यात भर पडावी, भीती आहे तेवढी पुरे.

तुझा,
धाकटा


दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सभेत वाचलं नाही. फक्त मास्तरांना दाखवलं. त्यांनी ते सभेत तोंडपाठ म्हणून दाखवलं, त्याला माझा इलाज नाही.

आंदोलन जोरात आहे. 'झाड वाचवा' असा भलामोठा फलक रंगवून घेतला आणि तो कुठे लावायचा, तर झाडाला. डॉक्टरांनी स्वतः हातोडा घेऊन चार खिळे ठोकले. झाडाला दुखत असेल हे त्यांच्या लक्षात आलं नाही. दाताला इंजेक्शन देऊन मगच हात लावायची सवय, त्यामुळे कोणी ओरडलं नाही की दुखत नाही असाच त्यांचा समज. दुसऱ्या फलकावर लिहिलंय, 'झाडे प्राणवायू देतात'. अक्षर मास्तरांचं, शुद्धलेखन निर्दोष. सभेला लाउडस्पीकर हवा म्हणून तारेवर आकडा टाकायची कल्पना निघाली. म्हणजे कंपनीचा निषेध कंपनीच्याच विजेवर, तोही फुकट. मी नको म्हटल्यावर दवाखान्यातून वायर ओढली, आणि एका पेशंटच्या अर्ध्या कोरलेल्या दातावरचा दिवा गेला.

कंपनीनेही आपल्याकडून कसर ठेवली नाही. तुमचे जनसंपर्क अधिकारी येऊन गेले. इस्त्रीचा शर्ट, मध लावलेला आवाज. त्यांनी प्रत्येक घराला एकेक रोप भेट दिलं, प्लास्टिकच्या पिशवीत, कंपनीच्या नावासकट. रोप हातात धरून आमचे फोटो काढले. हे लावायचं कुठे, असं मी विचारलं. ते म्हणाले, आपल्या दारासमोर. मी म्हटलं, म्हणजे तारेखाली? म्हणजे मोठं झालं की पुन्हा तुम्हीच कापायला येणार? तर ते हसले आणि म्हणाले की कंपनी नेहमीच ग्राहकाच्या सोबत असते.

मी आता रोज सकाळी झाडाखाली बसते. पेपरवाला येऊन फोटो घेऊन गेला. माझ्या चेहऱ्यावर जो करारीपणा दिसतो तो उन्हामुळे आलाय. डोळ्यांत ऊन जात होतं.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. समोर घड्याळवाले राहतात. पूर्वी बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता फुप्फुसं थकल्यामुळे घरीच असतात. सगळ्या गल्लीने अर्जावर सह्या केल्या, एकट्या त्यांच्या बायकोने केली नाही. दार अर्धवट उघडून म्हणाली, मला यात पडायचं नाही. कारण विचारलं तर म्हणे, आत काम आहे. तेव्हापासून गल्लीत तिला 'कंपनीची सून' म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण चांगलं ठेवलंय.

तुझी तब्येत सांभाळ. लोभ मी करते, तू निदान त्याची पोच दे.

तुझी,
ताई


दि. ११ एप्रिल

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. सांगितलं असतं तर यांनी त्यावरही शिक्का मारला असता.

पेपरातला तुमचा फोटो फार छान आलाय. यांच्या साहेबांनाही आवडला असावा, कारण त्यांनी तो कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. त्यांना तुमचं नातं कळलं ते असं: हे कौतुकाने फोटो बघत होते, साहेब मागून आले, आणि विचारलं की या बाई कोण. यांना खोटं बोलता येत नाही. बोललेच तर कान लाल होतात. त्या दिवशी हे बोलले नाहीत तरी कान लाल झाले.

तेव्हापासून साहेब यांना जाता-येता विचारतात की घरचं झाड कसं आहे. यांची बढतीची फाइल याच महिन्यात पुढे जायची होती. ती आता सखोल विचाराधीन आहे. जेवताना हे पानाकडे बघत बसतात आणि उठून जातात.

वन्सं, मागे हटा असं सांगायला लेखणी उचलली होती. पण कागदावर ते शब्द येईनात. काढलेल्या फांद्यांचं यांनी मला समजावून सांगितलंय, आणि कंत्राटदार कोणाचा कोण लागतो हेही मला इथल्या बायकांकडून कळलंय. तो साहेबांचा साडू आहे. म्हणून एवढंच लिहिते: झाडाला कोणी बोटही लावायचं नाही, ही मागणी नव्हे, हा हट्ट झाला. मीही दोन पोरांची आई आहे, मला फरक कळतो. मागणीला नाही म्हणताना समोरच्याला लाज वाटते. हट्टाला नाही म्हणताना उलट बरंच वाटतं. कंपनीला लाज वाटेल असं काहीतरी मागा.

लहान तोंडी मोठा घास घेतला. राग आला तर पत्रातून या, मी वाट बघेन.

तुमची,
धाकटी


दि. १९ मे

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र धाकटीलाही वाचायला दे, तिला निराळं लिहायचं बळ नाही.

परवा दुपारी वावटळ उठली. मास्तरांच्या दारातल्या शिरीषाची एक फांदी कडाडली आणि तार घेऊनच खाली आली. हेच ते झाड, ज्याला समितीने हात लावू दिला नव्हता. फांदी जाड नव्हती, मनगटाएवढी. गल्लीच्या मधोमध तार फुत्कारत पडली होती. सगळे आपापल्या ओट्यांवर चढून उभे. मला तुझ्या पत्रातली ती म्हैस आठवली, आणि ती बाई.

मी आत जाऊन फोन उचलला. तक्रार केंद्रात कोणी उचलेना. तेव्हा तुमच्या उपकेंद्राचा नंबर शोधला. तिथल्या पोऱ्याने वाट बघायला सांगितलं. मी म्हटलं, बाळा, मी बोर्डावर बसून म्हातारी झाले, वाट बघायला मीच लोकांना सांगायचे. तू आधी या लाइनचा खटका पाड, मग माझं नाव विचार. पाडला त्याने. तार गप्प झाली, पण शहाण्यासारखे सगळे तिच्यापासून लांबच राहिलो, तुमचा माणूस येऊन हात लावून बघेपर्यंत.

गल्लीतली वीज गेली तशी समोरचं दार उघडलं. घड्याळवाली उंबऱ्यात उभी होती, आणि तिचा आवाज इतका शांत होता की मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. आत घड्याळवाल्यांना ऑक्सिजनचं मशीन आहे. दिवसरात्र चालतं. मशीन बंद पडलं होतं, आणि घरात होतं ते लहान सिलिंडर संपत आलेलं. वाटेत तार, त्यामुळे रुग्णवाहिका आत येईना.

डॉक्टरांकडे पेशंटला भोवळ आली तर म्हणून एक सिलिंडर असतं. ते डॉक्टर आणि मास्तर यांनी मागच्या बोळातून आणलं, भिंतीवरून चढवून. मास्तरांनी आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललं नसेल. धोतर फाटलं, गुडघे सोलले, पण त्यांनी हात सोडला नाही. मी आत गेले तेव्हा घड्याळवाले खुर्चीत पुढे वाकून बसले होते. ओठ जांभळे पडलेले. भिंतीवरची सगळी घड्याळं चालू, आणि माणूस बंद पडत चाललेला. नळी लावल्यावर हळूहळू रंग परत आला. मग त्यांनी आधी मास्तरांच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं, आयोडीन लावा म्हणून.

मी घड्याळवालीला विचारलं, अगं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, कशी सांगणार? सह्या मागायला तुम्ही सगळे एकदम आलात, पंधरा-वीस माणसं, आणि हे आत ऐकत होते. आपल्यामुळे गल्लीची झाडं जातील हे यांच्या कानावर पडू द्यायचं नव्हतं. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, ताई, झाडं प्राणवायू देतात हे तुमच्या फलकावर मी रोज वाचते. आमच्या यांना तो भिंतीतल्या बटणातून लागतो.

धाकट्या, मला आयुष्यात फार लोकांनी उलट उत्तरं दिली आहेत. लाइन कट करून मोकळी व्हायचे. हिची लाइन कट करता येईना.

एवढं झाल्यावर तुमची कंपनी जागी झाली. काल नोटीस आली: अपघात लक्षात घेता गल्लीतले सगळे अडथळे बुंध्यापासून काढण्यात येतील. म्हणजे आम्ही म्हणत होतो एक पानही तोडू नका, तुम्ही म्हणता एक पानही ठेवणार नाही. घड्याळवालीने ती नोटीस वाचली आणि समितीच्या कागदावर सही केली. म्हणाली, मला वीज हवी आहे, वाळवंट नको. खिडकीत बसून यांना बघायला दुसरं आहे काय?

फलक आम्ही उतरवले. खिळे काढताना डॉक्टरांनी या खेपेस फुंकर घातली. आता मागणी अशी: तारेजवळच्या फांद्या कापा, बाकीच्यांना हात लावू नका, आणि उघड्या तारेच्या जागी आवरणाची केबल टाका. धाकटीला सांग, लाज वाटेल असं मागितलंय. बघू या कोणाला वाटते.

या वेळी लोभाचं सोड, लवकर काहीतरी कर.

तुझी,
ताई


दि. २० जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझ्याकडून परत आल्यावर लिहायला उशीर झाला. कारण खाली येईलच.

तुला खरं ते सांगायचं राहिलं. साहेबांनी मला तुझ्याकडे झाडं बघायला पाठवलं नव्हतं, तुला गप्प करायला पाठवलं होतं. म्हणाले, घरचा माणूस आहेस, बहिणीला चार शब्द सांगून ये, आल्यावर तुझ्या फाइलचं बघू. मी गाडीत बसून ते चार शब्द जुळवत आलो. मग कोपऱ्यावरच्या शिरीषाखाली उभा राहिलो आणि ते शब्द विसरलो.

तू मार्चमध्ये लिहिलं होतंस ते मी कागदावर वाचलं होतं. डोळ्यांनी बघणं निराळं. कंपनीच्या दप्तरी ते झाड 'पूर्णपणे सुरक्षित' आहे, आणि तारेवर टेकलेल्या फांद्या अजूनही टेकलेल्याच. मी मास्तरांच्या झाडाची मोडलेली फांदीही पाहिली. ताई, तुमच्या समितीने करवत अडवली नसती, तरी ती फांदी तिथेच राहिली असती. तिचं लाकूड कोणी घेतलं नसतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. समिती अडाणीपणे भांडली हे खरंच आहे. पण तुम्ही चुकलात म्हणून कंपनी बरोबर ठरत नाही.

संध्याकाळी मी घड्याळवाल्यांकडे जाऊन बसलो होतो ते तुला आठवत असेल. त्यांनी मला विचारलं की चालू घड्याळ दुरुस्त करायला आलेला माणूस त्याचे सगळे काटे काढून टाकतो का? मी म्हटलं, आमच्याकडे टाकतात. ते इतके हसले की खोकला लागला, आणि त्यांच्या बायकोने मला बाहेर काढलं.

परत येऊन मी अहवाल लिहिला. साध्या भाषेत. 'अडथळा' असेल तिथे 'झाड' लिहिलं. कंत्राटदाराने काय कापलं, काय ठेवलं, का ठेवलं, सगळं, फोटोंसकट. झाडं तोडण्याची गरज नाही, केबल टाकावी, आणि फांद्या कंपनीच्या लाइनमनने कापाव्यात. अहवाल साहेबांच्या हाती दिला आणि त्याची प्रत मुख्य अभियंत्यांकडे पाठवली. साहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, तुमचं मराठी चांगलं आहे.

मुख्य अभियंत्यांनी केबल मंजूर केली. फार वाईट फोटो होते, पेपरात गेले असते तर त्यांनाच उत्तर द्यावं लागलं असतं. त्या कंत्राटदाराला तुमच्या गल्लीचं काम बंद, बाकी शहराचं चालू. माझी बढती रद्द झाली. वर बदलीही झाली. साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं की कंपनीत सर्वांत जास्त कटकटीचं ठिकाण शोधून काढलंय, तक्रार निवारण कक्ष आहे, आणि तिथे आजवर कोणी टिकलेलं नाही. मग त्यांनी काचेखालचा तुझा फोटो काढून माझ्या हातात दिला, सोबत न्या म्हणाले.

ताई, तुझ्याच गावी बदली आहे. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं आहे. पोरांच्या शाळेमुळे ही तिघं इथेच राहतील, मी एकटा येतोय. मागची खोली रिकामी करून ठेव. जेवताना तक्रारी ऐकणार नाही, त्या कचेरीच्या वेळेत.

लोभाची आता रोजच परीक्षा आहे, तेव्हा आधीच साठवून ठेव.

तुझा,
धाकटा


दि. ९ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझा नवरा सुखरूप आहे, वजन वाढलंय, पान चाटूनपुसून जेवतो. कचेरीत लोक त्याला शिव्या देतात आणि तो घरी येऊन शीळ घालतो. इतकी चांगली शिक्षा कंपनीने आणखी कोणाला दिली नसेल. तू फक्त साहेबांना कळू देऊ नकोस.

काल फांद्यांचं काम झालं. केबल आधीच टाकून झाली आहे, काळी, जाडजूड, दिसायला अगदीच सुमार. पण वाऱ्याने फांदी लागली तरी काही होत नाही म्हणतात. कंपनीची लाइनमन आली. हो, आली. बाई आहे. पाळण्यात उभी राहून तिने एकेक फांदी दोरीने बांधून कापली आणि खाली सोडली, फुलांची परडी सोडावी तशी. मास्तर खाली उभे राहून तिला सूचना देत होते. तिने बराच वेळ ऐकून घेतलं, मग वरून विचारलं की आजोबा, तुम्ही वर येता का, मी खाली येते. त्यानंतर मास्तरांनी फक्त व्याकरणावर लक्ष ठेवलं.

घड्याळवाले खिडकीत बसले होते, नाकाला नळी लावून, आणि प्रत्येक फांदी पडली की टाळी वाजवत होते. चांगलं कापल्याची टाळी की वाईट वाटल्याची, हे कोणाला कळलं नाही. कोपऱ्यावरचं डॉक्टरांचं झाड मात्र जगेल असं वाटत नाही. डॉक्टर तरी रोज त्याला पाणी घालतात.

मग पाळणा माझ्या फाटकापाशी आला. खांबावरून घड्याळवाल्यांच्या घरात जी जोडणी जाते, तिच्यावर माझ्या झाडाची एक फांदी सगळा भार टाकून रेललेली होती; त्या भाराने जोडणी तुटली की त्यांचं मशीन बंद. धाकटे, ती साधी फांदी नव्हती. माझ्या स्वयंपाकघरावर तिचीच सावली. हे घर घेतलं तेव्हा ती खिडकीपर्यंतही येत नव्हती. यजमान गेले त्या उन्हाळ्यात ती कौलांवर आली, आणि तेव्हापासून दुपारी मी ओट्यापाशी उभी राहिले की बाहेर कोणीतरी उभं आहे असं मला वाटायचं. हे मी कोणाला बोलले नव्हते. तुझ्या नवऱ्यालाही नाही.

तो हातात कागद घेऊन खाली उभा होता. नियमाप्रमाणे माझी परवानगी लागत नव्हती. तरी त्याने विचारलं, सगळ्यांसमोर, कचेरीच्या आवाजात, की बाई, ही काढावी लागेल, आपलं काय म्हणणं आहे? घड्याळवाली शेजारीच होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम जमिनीकडे बघत होती, म्हणजे मला हो म्हणायची जबरदस्ती होऊ नये. त्यामुळेच मला नाही म्हणता येईना. मी म्हटलं, काढा. आवाज कंपनीच्या करवतीसारखा आला. मग मी आत जाऊन भांडी घासत बसले, ती आधीच घासलेली होती.

आज दुपारी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर ऊन. भिंतीवरचे तेलाचे डाग, फोडणीचे ओघळ, कोपऱ्यातली जळमटं, सगळं उघडं पडलेलं. इतकी वर्षं मी स्वतःला स्वच्छ बाई समजत होते. तुझा नवरा पाणी प्यायला आला, दारात थांबला, आणि मला काहीतरी चांगलं बोलावं म्हणून शब्द शोधू लागला. कान लाल झाले. मी म्हटलं, राहू दे. नोकरीत जन्म घालवलास, काय उजेड पाडलास म्हणून लोक विचारतील तेव्हा त्यांना माझ्या ओट्यापाशी घेऊन ये.

तो हसला आणि फडकं घेऊन भिंत पुसायला लागला. अजून पुसतोय.

पोरांना घेऊन सुट्टीत ये. माया पत्रातून फार झाली, आता समोर बसून कर.

तुझी,
वन्सं